मथीबाईंचा बगळा

मथीबाईंना गाता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. आमच्या अंगणवाडीच्या बाई मुलांना सगळं गाण्यांतून आणि खेळांतून शिकवायच्या असं मी कुणाला सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोड गळ्याची बाई उभी राहते. मथीबाईंचा गळा तसा नव्हता. त्यांचं प्रत्येक गाणं एकाच सुरावर चालायचं, आणि कडव्याच्या शेवटी तो सूर दमलेल्या म्हशीसारखा खाली बसायचा. त्यांना स्वतःला हे पक्कं ठाऊक होतं. "सूर माझ्या बापाच्या घरी ऱ्हायला," त्या म्हणायच्या. "सासरी येताना निस्ता ठेका आनला."

त्यामुळे आमच्या गावातली एक अख्खी पिढी एका सुरावर गाते. शाळेत गेल्यावर प्रार्थनेच्या वेळी गुरुजी आमच्याकडे बघून डोळे मिटून घ्यायचे. ते भक्तीने नसावं. पण त्या प्रार्थनेत कधी एकही मूल मागे पडलं नाही की पुढे धावलं नाही. लग्नाच्या वरातीत मुरबाडहून वाजंत्री येतात, ते सांगतात की तुमच्या गावची पोरं गातात भयंकर, पण ठेका सोडत नाहीत.

मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शिकवण्याच्या पद्धतींची नावं मी आता पुस्तकांत वाचते, पण त्यातलं कुठलं नाव मथीबाईंना लावावं ते मला ठरवता येत नाही. शिवाय मला त्यांचं सगळं आयुष्य सांगायचं नाही, तेवढं मला ठाऊकही नाही. एका पावसाळ्यानंतर त्यांनी खेळ घ्यायचे बंद केले होते. आपल्या खेळाने एका मुलाचा पाय बिघडला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते मूल आमच्या घरातलं होतं. मुख्य गोष्ट ती आहे. पण त्या आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. बाई शेजारच्या वाडीतून चालत यायच्या. बुटक्या, रुंद पायांच्या, अंगणवाडीची ठरावीक साडी पोटरीपर्यंत खोचलेली आणि कनवटीला एक आगपेटी. ही आगपेटी म्हणजे त्यांचं वाद्य. सरकारकडून खेळण्यांच्या खोक्यात एक प्लास्टिकचा ढोल आला होता, तो त्यांनी माळ्यावर ठेवून दिला. "ह्याचा आवाज पोरांच्या वर जातो. पोरांच्या खालून जानारा आवाज पायजे." चिमटीत धरून त्या आगपेटी हलवायच्या, चुक चुक चुक, आणि तेवढ्या आवाजावर अंगणभर मुलं चालायची. काड्या अर्ध्याच लागायच्या. "भरलेली पेटी मुकी, रिकामी पन मुकी. पोरांचं बी तसंच हाय." चुलीची पेटी वेगळी, खेळाची वेगळी. मदतनीस बाईंनी घाईत खेळाच्या पेटीतली काडी ओढली, की त्या दिवशी खिचडीपेक्षा भांडण जास्त शिजायचं.

"माझा आवाज बदललास तू!"

"एका काडीनं?"

"तुझ्या पोरीच्या लग्नात वाजंत्र्याची एक काठी काढून घे, मंग इचार मला."

नवीन मूल रडायला लागलं की त्या त्याला जवळ घ्यायच्या नाहीत, गप्पही करायच्या नाहीत. थोडा वेळ ऐकत बसायच्या आणि मग मुलाच्या हुंदक्याला हुंदका लावून आगपेटी वाजवायच्या. ऊं हूं, चुक. ऊं हूं, चुक. बाकीची मुलं टाळ्यांनी साथ धरायची. रडणारं मूल चक्रावायचं. आपल्या रडण्याला एवढी मंडळी साथ देतात हे बघून आधी जोर करायचं, मग त्याचा ठेका चुकायचा आणि ते हसायचं. मीसुद्धा अशीच गप्प झाले, असं आई सांगते. फक्त मी हसले नाही म्हणे. उलट बाईंना म्हणाले, "जोरात वाजव."

त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी पाय, मग हात, तोंड सगळ्यात शेवटी. "तोंड खोटं बोलतं. पाय नाय बोलत," असं त्या फार ठामपणे सांगायच्या आणि कधी कधी साफ चुकायच्या. एकदा एक मुलगा पावलं टाकताना अडखळतोय हे ऐकून त्यांनी ठरवलं की याला ताप भरणार. त्याला खांद्यावर टाकून भर उन्हात त्याच्या घरी पोचवलं. घरी आईने पाहिलं, तर तळपायात बाभळीचा काटा. "काटा पन तापाचाच धाकटा भाऊ," असं म्हणून बाई परत आल्या.

रोज सकाळचा पहिला खेळ म्हणजे चालणं. रांगेत पुढे कोण, तर त्या दिवशी सगळ्यात हळू चालणारं मूल. ज्याची झोप उडाली नसेल, ज्याचं पोट दुखत असेल, जे आईवर रुसून आलं असेल ते. त्याच्या पावलाचा ठेका बाई आगपेटीवर उचलायच्या आणि बाकी सगळ्यांनी त्याच चालीने चालायचं. चपळ मुलं वैतागायची. बाई म्हणायच्या, "पुढं पळनारा काय शिकवनार? तो तर गेला."

एकदा मुरबाडला तालुक्यातल्या अंगणवाड्यांचा कार्यक्रम होता. मी तेव्हा नववीत होते. मुलं सांभाळायला मोठी माणसं हवी होती म्हणून मला आणि वहिनीला घेऊन गेल्या. बाकी अंगणवाड्यांची मुलं मोबाइलवरच्या गाण्यांवर नाचली, चकचकीत कपडे, कानांना फुलं. आमच्यांनी आवणीचा खेळ बसवला होता. रांगेत वाकायचं, रोप लावल्यासारखा हात जमिनीला टेकवायचा आणि ठेक्यावर एक पाऊल मागे. भाताची आवणी आमच्याकडे मागे सरकतच करतात. पुढे सरकलं तर लावलेलं रोप तुडवलं जाईल. गावात ही गोष्ट इतकी सगळ्यांच्या अंगात की कुणाला वेगळा विचारच सुचला नाही. सराव अंगणात केलेला, अंगणामागे माळ, माळामागे डोंगर. मागे जागा संपते हे त्या मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रंगमंच चार पावलांत संपला. मुलं वाकलेली, एका सुरात गात, पूर्ण ठेक्यात एकेक करून मागच्या पडद्याखालून नाहीशी झाली. समोर कुणीच उरलं नाही. पडद्याआडून गाणं मात्र चालूच. सभागृह हसून हसून लोळायचं तेवढं बाकी होतं. वहिनी आणि मी मागे धावलो. मुलं मागच्या भिंतीला पाठ लावून अजून जागच्या जागी रोपं लावत होती. पर्यवेक्षिका मॅडम डोळे पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मथीबाई, मुलं गेली कुठं हो?"

"आवनी झाली मॅडम," बाई म्हणाल्या. "आवनी झाल्यावं बांधावं कोन ऱ्हातो? घरी गेली."

ही वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, कल्पना. त्या दिवशी पडद्यामागे ती बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली होती. पुढे काही वर्षांनी तिला मुलगा झाला. नाव विघ्नेश, घरात विघू. जन्मला तेव्हा त्याचा डावा पाय आत वळलेला होता, तळवा वर बघत होता. शहापूरला नेऊन दर आठवड्याला प्लास्टर, मग टाचेपाशी छोटी शस्त्रक्रिया, मग रात्री झोपताना घालायचे पट्टी लावलेले बूट. वहिनीने त्या बुटांची एक रात्र चुकवली नाही. पोर रडलं तरी बूट, पाहुणे आले तरी बूट. पाय सरळ झाला. पण पोटरी बारीक राहिली आणि चालताना तो पाय उशिरा टेकायचा. वहिनीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय पुन्हा वळू शकतो, लक्ष ठेवा. ते वाक्य तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. दिवसा ती विघूला कडेवरून उतरवायचीच नाही. चौथं वर्ष लागायला आलं तरी तो तिच्या कमरेवर.

मथीबाई एक दिवस घरी आल्या. "कल्पना, पोराला पाय हायेत. धाड त्याला."

"बाय, तो लंगडतो. पोरं हसतील."

"हसतील की. मंग थांबतील. हसून हसून कवर हसतील? खिचडीचा टाइम झाला का थांबतात."

वहिनीने धाडलं. पहिले काही दिवस विघू भिंतीला टेकून, डावा पाय मांडीखाली लपवून बसायचा. रांगेत यायचाच नाही. बाईंनी त्याला बोलावलं नाही. तो पाणी प्यायला माठाकडे जायचा तेव्हा त्या फक्त ऐकायच्या. एक लांब, एक तोकडं. एक लांब, एक तोकडं. आणि एका सकाळी त्यांनी मुलांना समोरच्या खाचराकडे बघायला लावलं. पावसाळा सरत आला होता, पाण्यात बगळे उभे होते. बगळा कसा चालतो? एक पाय अलगद पूर्ण टेकवतो, थांबतो, चिखलाचा अंदाज घेतो, मग दुसरा चट्कन टाकतो.

बगळोबा बगळोबा, काय करता?
थांऽबतो, टाकतो. थांऽबतो, टाकतो.
बगळोबा बगळोबा, कुठं चालता?
चिखलातल्या मावशीला भेटाया चालतो.

डावा पाय टेकवायचा, टाच खाली लागेपर्यंत थांबायचं, मग उजवा. सगळी मुलं धडपडली. कुणाला थांबता येईना, कुणाचा उजवा आधी पडे. भिंतीपाशी बसलेला विघू बघत होता. मग तो उठला. मदतनीस बाईंनी मला नंतर हुबेहूब करून दाखवलं, तो कसा उठला आणि काय म्हणाला. "अशी नाय रे," तो म्हणाला. "मी दावतो."

त्या दिवसापासून रांगेत पुढे विघू. तो घरी आला की ओट्यावर, पडवीत, विहिरीच्या वाटेवर बगळा. कडेवर घेतलं तर पाय झाडायचा. आणि तो एकटाच नव्हता. आठवड्याभरात गावातली सगळी लहान मुलं बगळा झाली. दुकानात साखर आणायला बगळा, हातपंपावर बगळा. एका सुट्टीच्या दिवशी मी बाहेर पडले तर देवळासमोरून पोरांची रांग चालली होती, सगळी डाव्या पायाने लंगडत. मला गंमत वाटली. मग मी लोकांचे चेहरे बघितले.

आमच्याकडे एक समज आहे, कुणाच्या व्यंगाची नक्कल करू नये, ते आपल्या अंगाला लागतं. तोतऱ्याची नक्कल केली तर जीभ अडखळते, लंगड्याची केली तर पाय वाकतो. घराघरांतून मुलांना यासाठी फटके बसतात. आता अंगणवाडीच्या बाईच अख्ख्या गावाच्या पोरांकडून ते करवून घेत होत्या. बगळा कुणाला दिसला नाही. सगळ्यांना विघूचा पाय दिसला.

आमच्या शेजारची रखमाकाकी नातवाला बखोटीला धरून अंगणवाडीच्या दारात गेली. मागून चारपाच बायका. वहिनी विघूला न्यायला आली होती, मी तिच्याबरोबर.

"मथे, ही अंगनवाडी हाय का पांगळवाडी गो?" रखमाकाकी ओरडली. "धडधाकट पोरां धाडली तुज्याकडं!"

"काकी, बगळा हाय तो."

"बगळा? गावात काय आंधळी ऱ्हातात? कुनाचा पाय हाय तो सगळ्यांना कळतो. माझ्या नातवाला लागला तं?"

मथीबाई भांडायला कधी मागे हटल्या नव्हत्या. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष वहिनीकडे गेलं आणि त्या थांबल्या. वहिनीने विघूला उचलून कडेवर घेतलं होतं. ती अजिबात ओरडली नाही.

"माझ्या पोराच्या पायाचा तुमी खेळ केलात, बाय," ती म्हणाली. "आदी एवढा लंगडत नव्हता. आता वाढलाय. त्याला लंगडायची हौस लागली. डॉक्टर बोलली का पाय परत वळला, तं परत पलास्टर, परत कापाकापी. तेव्हा ही गानी गाल काय तुमी?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. बाई आगपेटी मुठीत धरून उभ्या राहिल्या. विघू कडेवरून "सोड, सोड" म्हणत राहिला.

त्यानंतर अंगणवाडीत आवाज बंद झाला. विघू घरीच होता. बाकीची मुलं येत होती, चटईवर बसत होती, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून अक्षरं म्हणत होती, खिचडी खाऊन जात होती. पालक खूश होते. रखमाकाकीसुद्धा म्हणाली की आता शाळेसारखी शाळा वाटते. मी कॉलेजला जाताना गाडीसाठी त्याच वाटेने जायचे. इतकी वर्षं लांबून येणारी ती चुक चुक नसली, की अंगणवाडी मागे गेली हे कळायचंच नाही.

एका सकाळी मी आत डोकावले. "बाई, आज खेळ नाही?"

"घसा बसलाय."

त्यांच्या सकाळच्या खेळाला घसा लागायचाच नाही, हे मला आणि त्यांना दोघींनाही माहीत होतं. मी तशीच उभी राहिले. मग त्याच म्हणाल्या, "खरां सांगू? मी बगळा बघितला गो. पाय नाय बघितला. पोराला रांगेत आनायचा होता, तेवढाच दिसला मला. पन त्याला लंगडाय आवडला तं? आवडलेला सुटत नाय. कल्पना बोलली ते खोटा कसा म्हनू?"

"तपासणी आहे पुढच्या महिन्यात. डॉक्टर सांगतीलच."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सांगतीलच."

तो महिना आमच्या घरातही वाईट गेला. वहिनी विघूला "नीट चाल, नीट चाल" म्हणत असायची. त्यामुळे तो चालायचाच नाही, नाहीतर पळायचा. पळताना पाय कुठे टेकतो ते दिसत नाही, हे त्याला कळलं होतं. मला त्याच्याकडे बघवत नसे. दादा मुरबाडला कारखान्यात पाळीवर, त्याला रजा मिळाली नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी वहिनीबरोबर मी निघाले.

आमच्या फाट्यावर मथीबाई उभ्या होत्या. अंगावर लग्नकार्यातली साडी, हातात पिशवी. वहिनीने तोंड फिरवलं.

"तू माझ्यासंगं बोलू नको," बाई तिला म्हणाल्या. "मी काय बोलायला नाय आली. पन मी यायची."

सरळगावपर्यंत एक गाडी, तिथून किन्हवलीवरून शहापूरची दुसरी. दोन्ही गाड्यांत बाई आमच्या मागच्या बाकावर बसल्या. शहापूरला दवाखान्यात गर्दी होती. वहिनी विघूला घेऊन दाराजवळच्या बाकावर बसली, बाई समोरच्या भिंतीपाशी. मी मधे कुठे बसावं ते न कळून उभी राहिले. मी तिघींसाठी चहा आणला. वहिनीने अर्धा प्यायला. बाईंनी घेतलाच नाही, पाण्याची बाटलीही परत केली. "सकाळधरनं कायच उतरत नाय घशाखाली. ठेव."

नंबर आला. डॉक्टर तरुण होत्या, चेहऱ्यावरून दमलेल्या, पण मुलाशी बोलताना आवाज शांत. त्यांनी विघूचा पाय हातात घेतला, घोट्यातून वर केला, खाली केला, आत-बाहेर फिरवला. वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग त्या विघूला म्हणाल्या, "आता त्या कपाटापर्यंत चालून दाखव बघू."

विघूने आईकडे बघितलं आणि पळत सुटला.

"पळू नको. रोज चालतोस तसा चाल."

तो परत पळाला. मधेच अडखळला, टेबलाला धरून उभा राहिला. डॉक्टर काही लिहायला लागल्या. विघूने दाराबाहेर बघितलं. दार अर्धं उघडं होतं आणि समोर भिंतीपाशी मथीबाई दिसत होत्या, हात मांडीवर, मान खाली.

"बगळा करू?" त्याने विचारलं.

वहिनी म्हणाली, "नको रे."

"काय करायचंय त्याला?" डॉक्टरांनी विचारलं. विघूने डावा पाय उचलून दाखवला. "कर, कर. बघू दे."

विघूने स्वतःच सुरुवात केली, बाईंच्याच त्या एका सुरात. बगळोबा बगळोबा, काय करता. डावा पाय टेकवला. टाच खाली लागेपर्यंत थांबला. मग उजवा. थांऽबतो, टाकतो. डॉक्टर खुर्चीवरून उठल्या आणि जमिनीवर उकिडव्या बसल्या. "परत," त्या म्हणाल्या. विघू कपाटापासून परत आला. "पुन्हा एकदा, सावकाश." आता त्या फक्त त्याच्या टाचेकडे बघत होत्या.

"मॅडम," वहिनीने विचारलं. "लंगडनं वाढलंय ना?"

"आधी कितपत चालायचा?"

वहिनीने विघूकडे बघितलं. मग म्हणाली, "कडेवरच असायचा."

"मग वाढलं नाही ताई. दिसायला लागलं. कडेवरच्या मुलाचं लंगडणं दिसणार कसं?" त्या उठून उभ्या राहिल्या. "पाय वळलेला नाही. टाच पूर्ण टेकतेय. मागच्या वेळी टेकत नव्हती, मी लिहून ठेवलंय. पोटरीत जरा जोर पण आलाय. हा पाय टेकवून थांबायचा खेळ कुणी शिकवला?"

वहिनीने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता हे उत्तर मलाच द्यावं लागणार. पण ती उठली, दारापर्यंत गेली आणि बाहेर बघून म्हणाली, "बाय, आत या. डॉक्टर बोलावतात."

मथीबाई उठल्या, पण पाऊल टाकेनात. भिंतीला हात धरून उभ्या. "काय झाला गो?"

"काय नाय झाला," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. "बाय, काय नाय झाला."

बाई आत आल्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, त्यावर त्या बसल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की खेळ चालू ठेवा, पण एकाच पायाचा नको. कधी डावा थांबू दे, कधी उजवा. उकिडवं बसून उठायचाही एखादा खेळ काढा, त्याने घोटा मोकळा होईल. आणि रात्रीचे बूट त्या सांगेपर्यंत सोडायचे नाहीत, पाय सरळ राहिलाय तो त्या बुटांमुळे. हे ऐकताना वहिनीची मान थोडी वर झाली. बाई सगळ्याला मान हलवत होत्या. डॉक्टरांचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे वळला नाय?"

"नाही वळला."

"माझ्या बगळ्यानं नाय वळला."

"नाही हो आजी."

"परत पलास्टर नाय."

"नाही." डॉक्टर हसल्या. "तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का, टाच टेकवून थांबवायचं?"

"मला कोन सांगनार? मी आपला बगळा बघून केला. बगळा टाच टेकवतो का नाय, ते पन मला काय म्हाईत." मग दारातून परत वळून, "आन कापाकापी पन नाय ना?"

परतीच्या गाडीत वहिनी आणि बाई एका बाकावर बसल्या. गाडी किन्हवलीला थांबली. मग वहिनीने विघूला उचलून बाईंच्या मांडीवर ठेवलं. "घ्या जरा. माझी मांडी दुखते."

"दुखंल नाय तं काय. एवढा घोडा."

"गावात काय सांगनार तुमी? रखमाकाकीला?"

"मी कशाला सांगू? तू सांग. तुझ्या तोंडून ऐकंल ती. आन तिच्या नातवाला उकिडवा बसायचा बेडूक शिकवते उद्या. तो झाला का ती परत येल भांडायला."

वहिनी हसली, मग बाईही. त्या दोघी पुन्हा तशा हसताना मी खूप दिवसांनी बघत होते. विघू दोघींच्या मधे झोपून गेला.

यानंतर लगेच माझ्या परीक्षा आल्या, मी मुरबाडला मैत्रिणीकडे राहिले, वर्ष सरेपर्यंत गावी आलेच नाही. त्याच वर्षाअखेरीस बाई निवृत्त झाल्या आणि वाशिंदला लेकीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी नव्हते. विघूने म्हणे त्यांना फाट्यापर्यंत चालत पोचवलं आणि वाटेत त्यांनाच पुढे चालायला लावलं. हे ऐकीव आहे. मी स्वतः त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शहापूरच्या दिवशी, संध्याकाळी.

येताना त्यांच्या वाडीचा फाटा आमच्या आधी येतो. त्या उतरल्या, पिशवी सावरली आणि मागे न बघता चालू लागल्या. समोरून पेंढ्याचा ट्रॅक्टर वळत होता म्हणून आमची गाडी थोडा वेळ थांबून राहिली. मी खिडकीतून बघत होते. रस्त्याच्या कडेला हातपंप आहे. बाई त्याच्यापाशी थांबल्या. इकडेतिकडे बघितलं, दांडा हलवायला कुणी नव्हतं. त्यांनी पिशवी दगडावर ठेवली, ती लग्नातली साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि दांडा जोरात हापसला. मग पळत धारेपाशी गेल्या. पोचेपर्यंत पाणी सरलं, कशीबशी एक ओंजळ मिळाली. ती प्यायल्या आणि परत दांड्याकडे धावल्या. परत हापसलं, परत धार गाठली, या वेळी निम्मं पाणी पदरावर. एकट्याच हसत होत्या. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. ट्रॅक्टर वळला, आमची गाडी हलली. तेव्हाही त्या दांड्यापासून धारेकडे आणि धारेपासून दांड्याकडे ओल्या अंगाने धावत होत्या, आणि त्या धावण्याला कसलाच ठेका नव्हता.